स्नॅपआधीची थरथर : रुमाल टाकावा की सोडून द्यावे?

ओहायोकर
माझा धाकटा मुलगा इथल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लेफ्ट गार्ड म्हणून, म्हणजे आघाडीच्या फळीतल्या लाईनमनपैकी एक म्हणून, खेळतो. गेल्या शुक्रवारी चौथ्या सत्राची साडेतीन मिनिटे उरली होती, मुलाच्या संघाची चौथी डाऊन, म्हणजे पुढे सरकायचा शेवटचा प्रयत्न, होती आणि हवा होता एकच यार्ड. चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या ३८ यार्डांच्या रेषेवर होता. सगळे लाईनमन खाली वाकून स्थिर झाले, क्वार्टरबॅकने, म्हणजे खेळी चालवणाऱ्याने, पुकारा सुरू केला आणि स्नॅपआधीच, म्हणजे मधल्या सेंटरने चेंडू मागे देऊन खेळ सुरू करायच्या आतच, शिट्टी वाजली. आमच्या बाजूच्या पंचाने पिवळा रुमाल टाकला होता. फॉल्स स्टार्ट (चेंडूआधी हलण्याची चूक), ५ यार्डांचा दंड, आणि ज्याच्या क्रमांकाचा पुकारा झाला तो आमचाच सुपुत्र. एका यार्डाचे सहा यार्ड झाले, प्रशिक्षकांनी पंट करायचे, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना द्यायचे, ठरवले आणि सामना आम्ही ३ गुणांनी हरलो.

मला बाकावरून जे दिसले ते असे, की मुलाचा उजवा हात गवतावरून बोटभर उचलला गेला आणि लगेच परत टेकला. समोरचा बचावपटू जागचा हललासुद्धा नाही. माझा प्रश्न निव्वळ तात्त्विक आहे असे म्हटले तर ते खोटे होईल, पण प्रश्न तरीही प्रामाणिक आहे. ज्या हालचालीने कोणी फसले नाही आणि कोणाला फायदा झाला नाही, तिला दंड करण्याआधी पंचाने तारतम्य वापरावे की नाही? आणि रविवारी एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, मोठमोठे टॅकल (गार्डच्या बाहेरच्या बाजूचे लाईनमन) चेंडूच्या आधी मागे सरकताना उघड दिसतात, त्यांना मोकळीक आणि सोळा वर्षांच्या मुलाला मात्र काटेकोर नियम, हे कसे काय?

उगाच
चौथी डाऊन, एक यार्ड आणि नेमकी तेव्हाच हाताला सुटलेली खाज, हा योग पत्रिकेतच असावा लागतो. (माफ करा, राहवले नाही. चर्चा वाचत राहीन.)

शुक्रवारची शिट्टी
मी न्यू जर्सीत गेली नऊ वर्षे शालेय सामन्यांत लाईन जज म्हणून उभा राहतो, त्यामुळे ज्या गृहस्थांवर तुमचा राग आहे त्यांच्याच जमातीतला मी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत दुर्दैवाने तारतम्याला जागाच नव्हती. शालेय नियम असा आहे की सेंटर आणि टोकाचा खेळाडू यांच्यामधल्या लाईनमनने एकदा हात जमिनीवर किंवा जमिनीजवळ ठेवला, की स्नॅप होईपर्यंत त्याला तो हात हलवता येत नाही. समोरचा फसला का, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. हात उठला, म्हणजे दंड झाला.

तारतम्याची खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारात असते. जो खेळाडू हात न टेकता गुडघ्यांत वाकून उभा आहे, त्याने मान वळवली, समोरच्या लाईनबॅकरकडे बोट दाखवले, शेजारच्याला काही सांगितले, तर त्यात काही गैर नाही. पण खेळ सुरू झाल्याचा भास होईल असा झटका त्याच्या खांद्याने किंवा गुडघ्याने दिला, तर तो फॉल्स स्टार्ट. हालचाल किती इंच झाली यापेक्षा ती सावकाश झाली की झटक्यात, याला आमच्या लेखी महत्त्व असते. माझ्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ पंचांनी मला सांगितले होते, की रुमाल काढण्याआधी विचार करावा लागला तर तो खिशातच राहू द्यावा. मी आजही तसेच करतो, मात्र टेकलेल्या हाताच्या बाबतीत नाही.

शिट्टी लगेच का वाजते, हेही सांगतो. इतर काही चुकांमध्ये खेळ चालू राहतो आणि दंडाचा निर्णय मागाहून होतो. इथे तसे करता येत नाही, कारण चूक करणारा खेळाडू बहुधा स्वतःच दचकून थांबतो, समोरचा दोनशे ऐंशी पौंडांचा मुलगा मात्र पूर्ण वेगाने येत असतो. थांबलेल्या आणि धावणाऱ्या देहांची टक्कर कोणालाच नको असते.

अॅरोहेडचा आवाज
ओहायोकर, तुम्ही टॅकलचा विषय काढलात म्हणजे रोख आमच्या कॅन्सस सिटी चीफ्स संघाकडे आहे, हे समजले.

७ सप्टेंबर २०२३ रोजी मोसमाचा पहिलाच सामना डेट्रॉइट लायन्सशी होता आणि आम्ही तो २०-२१ असा हरलो. नवा राईट टॅकल जवान टेलर प्रत्येक पासच्या वेळी चेंडूच्या आधी सुटतो आणि उभाही फार मागे राहतो, असे समालोचक त्या रात्री वारंवार म्हणत होते. त्या सामन्यात पंचांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढच्या आठवड्यात तो त्याच्याच जुन्या संघाविरुद्ध, जॅक्सनव्हिलमध्ये खेळला आणि त्याच्या नावावर एका सामन्यात पाच दंड लागले. ते सगळेच काही लवकर हलल्याचे नव्हते, पण दहा दिवसांपूर्वी जो खेळाडू कोणाच्या खिजगणतीत नव्हता, त्याच्यावर आता प्रत्येक पंचाची नजर होती. नियम तोच, माणूस तोच, त्याची सवयही तीच. बदलली होती ती फक्त पाहणाऱ्याची नजर. माझी तक्रार दंडाबद्दल नाही, या आठवड्याआठवड्याच्या फरकाबद्दल आहे.

आणि एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. टेलरच्या कित्येक ‘चोऱ्या’ सावकाश फिरवून पाहिल्या, तर पाय आणि चेंडू जवळजवळ एकदमच हललेले दिसतात. क्वार्टरबॅकच्या पुकाऱ्याचा ठेका पाठ असलेला टॅकल इतका अचूक सुटतो, की नेहमीच्या वेगात तो आधीच निघाला असे वाटते.

शुक्रवारची शिट्टी
आवाजराव, तुम्ही दोन वेगळे मुद्दे एकत्र केले आहेत. मागे उभे राहणे हा हालचालीचा गुन्हा नाही, रचनेचा आहे. एनएफएलमध्ये लाईनमनचे शिरस्त्राण निदान सेंटरच्या कमरपट्ट्याच्या रेषेपर्यंत पोहोचलेले असावे लागते, नाहीतर तो लाईनवर आहे असे मानत नाहीत, आणि लाईनवर सात जण तर हवेतच. यात पंच आधी तोंडी सांगू शकतो, ‘क्रमांक ७४, जरा पुढे ये’, आणि आम्ही ते रोज करतो. वेळेआधी हलण्याबद्दल मात्र आधी काय सांगणार? ‘दचकू नकोस’ असे सांगून कोणाचे दचकणे थांबत नाही.

रानजाई
मी साताऱ्यात क्रीडाशिक्षिका होते आणि खो-खोच्या सामन्यांना अनेक वर्षे पंच म्हणून उभी राहिले. अमेरिकन फुटबॉल मला लेकीच्या घरी डॅलसला आल्यावरच कळू लागला, पण हा वाद मात्र मला अगदी घरचा वाटला.

खो-खोमध्ये पाटीवर बसलेल्या खेळाडूने खो मिळाल्याशिवाय उठायचे नसते. पाठीला हात लागला पाहिजे आणि ‘खो’ हा शब्दही ऐकू आला पाहिजे. चांगली मुले मागून येणाऱ्या पावलांच्या आवाजावरूनच ओळखतात, की आता आपल्यालाच खो मिळणार, आणि त्यांची टाच आधीच उचलली जाते. मी काय करत असे, तर खांदे डोलले तरी सोडून देत असे, कारण बसलेला माणूस डोलतोच. पण टाचेबरोबर मांडी उचलली गेली की शिट्टी. पहिल्या पाच मिनिटांत मी एकदा तरी अशी शिट्टी वाजवत असे, म्हणजे दोन्ही संघांना माझी रेघ कुठे आहे ते समजे. ती रेघ मग शेवटच्या मिनिटापर्यंत हलवायची नाही, एवढेच मी पाळले. ओहायोकर, त्या पंचाने त्याआधीच्या तीन सत्रांत असा हात कोणाचा पकडला होता का, हे तुम्ही सांगितलेले नाही.

उगाच
रानजाई ताईंनी पहिल्याच फेरीत धागाकर्त्यांना खो दिला आहे.

माजी नोज टॅकल
सगळे पंचाच्या आणि पालकांच्या बाजूने बोलत आहेत, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाची बाजू मी मांडतो. मी महाविद्यालयात दोन वर्षे बचावफळीच्या मधोमध खेळलो. आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवले जाते : कानांवर विश्वास ठेवू नका, चेंडूकडे बघा. कारण समोरचा क्वार्टरबॅक आवाजात चढउतार करून तुम्हाला फसवणारच, आणि ते त्याला नियमाने करता येते. क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सने ग्रीन बे संघात असताना या एका कलेवर किती बचावपटूंना रेषेपलीकडे खेचले, याची गणती नाही. त्याउलट आम्ही त्याच्या पुकाऱ्याची नक्कल करून ओरडलो, तर तो आमचा गुन्हा. हल्ल्याला आवाजाने फसवण्याची मुभा आहे, म्हणूनच त्याच्या शरीराला ती नाही.

खरी अडचण अशी, की चेंडूकडे बघताना माझ्या नजरेच्या कडेला गार्डचा हात असतोच. तो हात थरथरला तर मी पुढे झेपावेन किंवा, याहून वाईट म्हणजे, स्वतःला आवरेन. पुढे झेपावलो तर सर्वांना दिसते. आवरले तर कोणालाच दिसत नाही, पण त्या आवरण्यातच माझी अर्धी झेप गेलेली असते आणि पुढच्या क्षणी खरा स्नॅप होतो. ‘समोरचा हललासुद्धा नाही’ म्हणजे ‘फरक पडला नाही’, हे गणित बाकावरून बरोबर वाटते, मैदानावर ते बरोबर नसते.

सिएटलचा पाऊस
यात गोंगाटाचा मुद्दा कोणी घेतलाच नाही. २७ नोव्हेंबर २००५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सचा संघ आमच्या मैदानावर आला आणि त्या एका सामन्यात त्यांच्याकडून ११ फॉल्स स्टार्ट झाले. सामना जादा वेळेत आम्ही २४-२१ असा जिंकला. अशा आवाजात क्वार्टरबॅकचा पुकारा ऐकू येत नाही, म्हणून पाहुणे संघ मूक पुकारा वापरतात. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा पाय किंवा हात पाहतो, सेंटरला हलकेच चापटी मारतो, सेंटर मान वर करतो आणि ठरलेल्या मोजणीनंतर चेंडू मागे जातो. आता गंमत पाहा. गार्डचे वळणे, चापटी आणि मान वर करणे या तिन्ही हालचाली स्नॅपच्या आधीच होतात आणि तिन्ही चालतात, कारण त्या नेहमीच्या संथ लयीत होतात. त्याच गार्डचा खांदा चिमूटभर उडाला की रुमाल.

अॅरोहेडचा आवाज
गोंगाटात आमच्याशी स्पर्धा नको. २९ सप्टेंबर २०१४ रोजी आमच्या मैदानावर १४२.२ डेसिबल मोजले गेले होते आणि गिनेसमध्ये त्याची नोंद आहे.

फिलीकर
विषय लवकर सुटण्याचा आहे आणि अजून कोणी आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सना शिव्या दिल्या नाहीत, याचे आश्चर्य वाटते. मीच सुरुवात करतो.

१४ सप्टेंबर २०२५ रोजी आम्ही कॅन्सस सिटीत २०-१७ असे जिंकलो. त्या सामन्यातल्या ‘टश पुश’च्या खेळ्यांमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला मागून ढकलून एक यार्ड मिळवायच्या त्या प्रसिद्ध रेटारेटीत, आमचे गार्ड चेंडूच्या आधी निघाले होते, हे सावकाश चित्रणात मलाही दिसले. रुमाल पडला नाही. नंतर लीगने पंचांना ही खेळी अधिक काटेकोरपणे पाहायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. पण पंचाच्या जागी उभे राहून बघा. दोन्ही बाजूंचे लाईनमन नाक गवताला टेकेल इतके खाली गेलेले असतात, दोन फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीइतकेच अंतर असते आणि कडेच्या पंचाला सर्वांत जवळच्या टॅकलच्या पाठीपलीकडे काहीही दिसत नाही. गार्ड आधी हलला की चेंडू, हे तो कशावरून ठरवणार?

खेळी बंद करा, असा ग्रीन बे पॅकर्सचा प्रस्ताव त्याच वर्षी मे महिन्यात आला होता. ३२ पैकी २४ मते हवी होती, २२ पडली. तोपर्यंत वाद खेळाडूंच्या सुरक्षिततेवर चालला होता. सप्टेंबरनंतर तो फॉल्स स्टार्टवर आला. माझे मत विचाराल तर दुसरा वाद जास्त प्रामाणिक आहे.

माजी नोज टॅकल
फिलीकर, बचावाचीही आठवण ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच मैदानावर एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा फ्रँकी लुवू त्याच खेळीआधी वेळ साधायला म्हणून फळीवरून पुनःपुन्हा उड्या मारत होता. गोलरेषेपासून एक यार्डावर दंड तो काय, तर उरलेल्या अंतराच्या अर्धा, म्हणजे दीड फूट. शेवटी मुख्य पंचाला ध्वनिक्षेपकावरून सांगावे लागले, की हे असेच चालू राहिले तर हल्ला करणाऱ्या संघाला थेट गुण बहाल होऊ शकतात. दंडच इतका किरकोळ असेल तर शिस्त कशी राहणार?

मुळा-मुठा
माझा या खेळाशी संबंध फक्त दूरचित्रवाणीपुरता आहे, पण अॅथलेटिक्स मी जवळून पाहते. तिथे हा प्रश्न यंत्रावर सोपवला आहे. गोळीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत प्रतिक्रिया आली, तर धावपटू बाद. जुलै २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन अॅलनची प्रतिक्रिया ०.०९९ सेकंद भरली आणि तो एक हजारांश सेकंदासाठी बाहेर गेला. योगायोग असा, की हा अॅलन त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सने करारबद्ध केलेला वाईड रिसीव्हर होता. त्या दिवशी मैदानातले प्रेक्षक यंत्रावर चिडले होते. सांगायचे हे, की डोळ्याऐवजी यंत्र आणले तरी भांडण संपत नाही, फक्त कोणाशी भांडायचे ते कळेनासे होते.

फुटबॉलमध्ये असे काही करता येणार नाही का? एनएफएलच्या खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते असे ऐकले आहे.

शुक्रवारची शिट्टी
चिप असते आणि चेंडूतही असते, पण खेळाडूची जागा ती सेकंदाला दहा वेळा नोंदवते. म्हणजे दोन नोंदींमध्ये सेकंदाचा दहावा भाग निसटतो, आणि आपले सगळे भांडण त्याच दहाव्या भागातले आहे. शिवाय चिप खांद्यात आहे आणि ओहायोकरांच्या चिरंजीवांनी हलवला तो हात.

मूळ मुद्द्याकडे यायचे तर रानजाई ताईंचे मला पूर्ण पटले. फक्त एक अडचण त्यांच्या खेळात नाही आणि आमच्यात आहे. बचावपटू आधी रेषेकडे झेपावला आणि त्यामुळे समोरचा गार्ड लगेच दचकला, तर दंड बचावाला होतो. गार्ड आधी हलला आणि त्यामुळे बचावपटू आला, तर तोच दंड उलट्या बाजूला. दोन्ही वेळा मला दिसते ते एकच, की दोन माणसे जवळपास एकाच वेळी हलली. रुमाल आधी पडतो आणि कोणाचे नाव घ्यायचे हे आम्ही पंच एकमेकांना विचारून ठरवतो. हे प्रेक्षकांना विनोदी दिसत असेल, पण त्या दहा सेकंदांत आम्ही खरोखर एकमेकांना ‘आधी कोण?’ एवढेच विचारत असतो.

अॅरोहेडचा आवाज
आणि मग कधी कधी कोणालाही न विचारता रुमाल पडतो. १० डिसेंबर २०२३, बफेलो बिल्स. आमच्या केल्सीने मागे फेकलेला चेंडू घेऊन कडेरियस टोनीने जिंकून देणारा टचडाऊन केला होता आणि तो रद्द झाला, कारण स्नॅपच्या वेळी टोनी रेषेच्या पलीकडे उभा होता. आम्ही १७-२० असे हरलो. मोठ्या सामन्यात शेवटच्या क्षणी इतकी बारीक गोष्ट?

रानजाई
ती हालचाल नव्हती हो, ती उभे राहण्याची जागा होती, आणि जागा तर दिसते. मी ते दृश्य पाहिले आहे. मुलाचा पाय चेंडूच्या पुढे होता. शेवटच्या मिनिटाला दिसलेले दिसले नाही म्हणायचे असेल, तर पंच हवा कशाला? इशारा द्यायला हवा होता असे तुमचे लोक म्हणत होते, पण इशारा ही पंचाने दिलेली सवलत असते, खेळाडूचा हक्क नव्हे. मुख्य पंचांनीही नंतर साधारण तेच सांगितले होते.

उगाच
जाता जाता एक. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी फ्लॅग फुटबॉलला (याच खेळाच्या धक्काबुक्कीविना प्रकाराला) मान्यता मिळाली ती मुंबईतल्या अधिवेशनात. म्हणजे या धाग्याला महाराष्ट्राचे अधिष्ठान आहे, आता संपादक मंडळाने तो उडवू नये.

ओहायोकर
सर्वांचे आभार. रानजाई ताईंचा प्रश्न मला टोचला होता, म्हणून शाळेने दिलेले सामन्याचे चित्रण काल रात्री मुलाबरोबर बसून पाहिले.

त्या पंचाने दुसऱ्या सत्रात समोरच्या संघाच्या टॅकललाही अगदी तशाच हालचालीसाठी पकडले होते. मी तेव्हा टाळ्या वाजवल्याचे चित्रणात ऐकू येते, माझा आवाज लपण्यासारखा नाही. तेव्हा ती तक्रार मी मागे घेतो.

पण नंतर आम्ही तो क्षण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला. मुलाचा हात ज्या चौकटीत जमिनीवरून सुटलेला दिसतो, त्याच चौकटीत समोरच्या मुलाचे उजवे ढोपर चेंडूच्या दिशेने पुढे आलेले आहे. त्याच्या आधीच्या चौकटीत दोघेही पुतळ्यासारखे आहेत. मुलाला विचारले, तर तो म्हणाला की त्याला काही आठवत नाही, हात आपोआप उठला. माजी नोज टॅकल, समोरचा हलला नाही हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिले होते, तेही चूक निघाले. शिट्टीसाहेब, आता तुम्हीच सांगा, आधी कोण?

शुक्रवारची शिट्टी
समोरच्याचे ढोपर रेषेवरच्या चेंडूच्या टोकापुढे गेले होते का? गेले असेल तर दंड त्याचा. गेले नसेल तर तो नुसता वाकला, आणि दंड तुमच्या मुलाचाच. चौकट पुन्हा एकदा बघा, पण चेंडूच्या टोकाकडे बघा, मुलाकडे नको.

ओहायोकर
चेंडूचे टोक दिसत नाही. मध्ये सेंटरचा पाय आला आहे.